पलटणीतले वाचक

आमच्या शेजारच्या कर्नलसाहेबांच्या कपाटात डब्ल्यू. ई. बी. ग्रिफिन या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘ब्रदरहुड ऑफ वॉर’ या मालिकेचे नऊच्या नऊ खंड ओळीने उभे आहेत. आणि ते मी प्रथम हाती घेतले तेव्हा मला कथानकापेक्षाही मोह पडला तो त्यांच्या समासांचा, कारण त्या समासांत साहेबांनी तांबड्या आणि वहिनींनी काळ्या पेन्सिलीने, कित्येक वर्षे, ग्रंथकाराशी आणि एकमेकांशी वाद घातलेला होता.

ग्रिफिन हे टोपणनाव; मूळचे नाव विल्यम एडमंड बटरवर्थ. १९२९ साली जन्मलेला हा लेखक १९४६ मध्ये फौजेत भरती झाला, कोरियाच्या युद्धात त्याने चाकरी केली आणि पुढे अलाबामा प्रांतातील फोर्ट रकर या लष्करी विमानविद्येच्या ठाण्यावर तो मुलकी नोकरीत राहिला. मालिकेचा पहिला खंड ‘द लेफ्टनंट्स’ १९८२ साली निघाला आणि मग कॅप्टन, मेजर, कर्नल असे हुद्दे ग्रंथनामे होऊन एकामागून एक येत गेले. पात्रे थोडी, पण ठसठशीत. क्रेग लोवेल हा हार्वर्ड विद्यापीठातून घालवून दिलेला अतिश्रीमंत घराण्याचा मुलगा; जिंकलेल्या जर्मनीत फ्रेंच अधिकाऱ्यांशी पोलोचा सामना खेळावयाचा आहे, आणि फ्रेंच अधिकारी साध्या शिपायाशी खेळणार नाहीत, एवढ्याच कारणावरून त्याला लेफ्टनंटची सनद मिळते! सँडी फेल्टर हा देहाने किरकोळ, बुद्धीने तीक्ष्ण असा ज्यू तरुण हेरखात्याकडे वळतो. आणि फिल पार्कर हा रणगाड्यांवरचा काळा अधिकारी अशा फौजेत उभा असतो, की जिच्यातील वर्णभेद मोडण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला खरा, परंतु ज्याच्या अंमलाला पुढे कित्येक वर्षे लागली.

या मालिकेविषयी वाचकांत तट आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की इतका धनवान नायक घेतल्यावर त्याच्या संकटांना धार उरत नाही. लढाया थोड्या आणि मद्याचे पेले फार. प्रत्येक खंडात मागील खंडांची हकिगत पुनःपुन्हा सांगितली जाते. आणि सेनापतींचा खंड वाचून हातावेगळा करावा, तो पुढच्याच पुस्तकात काळ उलटा वळून आपण १९६४ सालच्या काँगोत जाऊन पडतो. यातला पुनरुक्तीचा आरोप मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु ज्यांनी स्वतः गणवेश घातला, असे वाचक हे दोष जाणूनही या पुस्तकांना चिकटून राहतात, आणि त्याचे कारण, माझ्या मते, रणधुमाळीच्या वर्णनात नसून त्या कागदांत आहे, जे ग्रिफिन मधूनमधून जसेच्या तसे छापतो: बदलीचा हुकूम, बढतीची शिफारस, तारायंत्रावरून आलेला त्रोटक, भावनाशून्य मजकूर, ज्याने एका ओळीत एखाद्याचे घर उठते.

मराठी वाचकाला ही गोडी नवी वाटू नये. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात पानिपताच्या स्वारीतील पत्रे आहेत, त्या स्वारीचे सेनापती भाऊसाहेब रसदीची जबाबदारी असलेल्या गोविंदपंतांना लिहितात ते पैका पाठवा, रसद पोचवा, असे लिहितात, आणि तो तगादा वाचताना त्या छावणीची उपासमार जशी अंगाला भिडते तशी ती एखाद्या वीररसाने ओथंबलेल्या पोवाड्यातही भिडत नाही.

कर्नलसाहेब देवळालीस तोफखान्याचे शिक्षण घेतलेले. पुढे ते ‘एअर ओपी’त, म्हणजे लहानशा विमानातून शत्रूची ठिकाणे हेरून आपल्या तोफांचा मारा नेमका करविणाऱ्या तुकडीत, वैमानिक झाले. म्हणून त्यांच्या तांबड्या खुणांची सर्वांत दाट वस्ती १९८३च्या ‘द मेजर्स’मध्ये आहे. अमेरिकेत १९४७ साली हवाई दल वेगळे झाले, भूदलाकडे हलकीसलकी विमाने तेवढी उरली, आणि हेलिकॉप्टरला अग्निबाण बसवावेत की नाही, बसवल्यास ते कोणाच्या अखत्यारीत, यावर दोन दलांत जो झगडा पेटला, तो या कादंबरीचा गाभा आहे. आपल्याकडे भूदलाचे स्वतंत्र वैमानिक दल १ नोव्हेंबर १९८६ रोजी उभे राहिले. ते पुस्तक साहेबांच्या हाती आले तेव्हा त्यांनी तसाच वाद इकडे पुष्कळसा भोगलेला होता. एका पानावर, जेथे कोणी गोळी झाडीत नाही, जेथे केवळ एक टिपण एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकते, तेथे त्यांनी समासात उभी रेघ इतकी दाबून ओढली आहे, की ती पाठीमागच्या पानावर उमटली आहे. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “याच्या लढायांचं राहू द्या हो, पण हा कागद माझ्या हातून गेलेला आहे.”

वहिनींचे मत निराळे, आणि मला ते अधिक खोल वाटते. लोवेल खासगी विमानाने हिंडतो, त्या पानाशी त्यांनी काळ्या पेन्सिलीने लिहिले आहे: ‘याच्या घरी पहिली तारीख कधी येतच नाही.’ पुढे एके ठिकाणी बदली होते आणि पुढील परिच्छेदात मंडळी नव्या घरात जेवावयास बसतात. तेथे फक्त तीन शब्द: ‘सामान कोणी बांधले?’ फेल्टरच्या बायकोच्या, शॅरनच्या, वाट्याची पाने मात्र त्यांनी कोपरे मुडपून राखून ठेवली आहेत, आणि त्यांच्याजवळ काहीही लिहिलेले नाही. कादंबरीच्या सत्यासत्यतेची इतकी नेमकी परीक्षा मी कोणत्याही टीकालेखात वाचलेली नाही, कारण टीकाकार पुस्तकात काय आहे ते पाहतो, आणि ह्या बाईंनी आपल्या आयुष्यातले काय त्यातून वगळले गेले ते पाहिले.

शेवटचा खंड, ‘स्पेशल ऑप्स’, २००१चा. तो मी परत करण्यापूर्वी सहज उलटला, तो मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या पानावर त्याच काळ्या पेन्सिलीने गावांची यादी लिहिलेली आढळली: देवळाली, जालंधर, अखनूर, बबिना, पुन्हा देवळाली, अशी सतरा नावे, प्रत्येक नावापुढे ट्रंकांची संख्या आणि मुलांची इयत्ता. त्यांतली दोन नावे खोडलेली होती. वहिनींना विचारले, तर म्हणाल्या, तिथले हुकूम आले, ट्रंका बांधून झाल्या, मुलांचे दाखले काढून झाले, आणि मग ते हुकूम रद्द झाले.