चिखलदऱ्याचा घाट आणि टायर

पौषात लेकराबाळांना घेऊन चिखलदऱ्याला निघालात, तर परतवाड्यालाच टायर पाहून घ्या. पुढे घाट लागतो. गाडी सुमारे ११०० मीटर उंचीवर जाते. सकाळी रस्ता दवाने ओला, वळणावर धुके.

बर्फाच्या मुलुखात हिवाळ्यापुरते मऊ रबराचे टायर बसवतात, कारण सात अंशांखाली साधे रबर कडक होते. आपल्या वऱ्हाडात तो खर्च कशाला? नक्षी मात्र शाबूत हवी. मोटारीच्या टायरवर ती १.६ मिलिमीटरहून कमी उरली, तर कायद्यानेही टायर बाद.

हवा टायर थंड असतानाच मोजा. तापमान दहा अंशांनी उतरले, की दाब दोनेक पौंडांनी घटतो. येताना ज्या गियरात चढलात, त्याच गियरात उतरा.

आणि धुके दाट असेल तर चहा घेत थांबा. भीमकुंड कुठे पळून जात नाही!