नकार आणि मौन

मेल सर्व्हर एकमेकांना पत्रे पोहोचवतात ती १९८२ साली लेखबद्ध झालेल्या एसएमटीपी या नियमसंचानुसार आणि २५ क्रमांकाच्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरील निरनिराळ्या सेवा ओळखता याव्यात म्हणून दिलेला क्रमांक. घरातील किंवा लहान कार्यालयातील सर्व्हरचा पत्ता बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा, म्हणजे खासगी असतो व तो बाहेरून गाठता येत नाही. त्यामुळे राउटरच्या सार्वजनिक पत्त्यावर आलेली जोडणी आतल्या यंत्राकडे वळवावी लागते, आणि यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

मेल येईनासा झाला, की सेटिंगला हात लावण्याआधी जोडणी कोणत्या रीतीने फसते हे पाहणे हे या कामातील खरे कौशल्य होय. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे तत्काळ कळले, तर पॅकेट कुठेतरी पोहोचले आणि तेथून स्पष्ट नकार आला, मग तो सेवा बंद असल्यामुळे असो वा फायरवॉलमुळे. बराच वेळ थांबून 'टाइम आउट' झाले, तर मात्र मौनाचे कारण वाटेत शोधावे लागते: सेवादात्याने घरगुती जोडणीवर पोर्ट २५ अडवलेले असते, यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने सर्व्हरचा पत्ता बदलल्यावर राउटर जुन्याच पत्त्याकडे पॅकेटे धाडत असतो, किंवा राउटरचा बाहेरचा पत्ताच १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला, अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि मग राउटरवरील कोणताही नियम उपयोगी पडत नाही.

प्रश्न कोठून विचारला, यावरही उत्तराचा अर्थ ठरतो. आतून सार्वजनिक पत्त्यावर केलेली चाचणी हेअरपिन नॅट, म्हणजे अशी जोडणी पुन्हा आत वळवण्याची सोय, नसलेल्या राउटरवर फसते, जरी बाहेरच्यांना सर्व्हर सुरळीत भेटत असला तरी. आणि बाहेरून तपासताना चाचणी करणाऱ्याचेच पोर्ट २५ बंद असेल, तर निर्दोष सर्व्हरवर आळ येतो.

सर्व्हरचे '२२०' हे स्वागत बाहेर दिसू लागले, तरी तपास संपत नाही. काही राउटर पॅकेट वळवताना पाठवणाऱ्याचा पत्ताही स्वतःच्या पत्त्याने बदलतात. मग प्रत्येक परका सर्व्हरला घरचाच वाटतो, आणि घरच्यांना विनापरवाना मेल पाठवू देणारा सर्व्हर जगभराच्या स्पॅमचा वाहक बनतो. म्हणून लॉगमध्ये बाहेरच्याचा खरा पत्ता उमटल्याखेरीज दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.