शेवटची सायकल

सोमवारी पहिला तास सुरू व्हायच्या आत सहावीतल्या एका मुलीनं आम्हाला व्हरांड्यात गाठलं. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाली, "टीचर, कल छावनी के रस्ते पे सायकल पे तुमीच थे ना? सर पे वो टोपा पहने हुए?"

"हौ, हमीच थे. हेल्मेट बोलते उसको."

ती तोंडावर ओढणी धरून हसली आणि पळाली. मधल्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या शाळेत झाली होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरीही पहिले सहा महिने आम्ही ते लपवलंच होतं.

आम्ही म्हणजे दोघी. औरंगाबादच्या, म्हणजे 2023 पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगरच्या, एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोघी बी.एड., दोघी पस्तिशीच्या आसपास. एक मराठी शिकवते, दुसरी विज्ञान. लिहिणारी एक असली तरी रविवारचं जे काही आहे ते दोघींचं आहे, म्हणून 'आम्ही'.

सायकल आम्हाला नवी नव्हती. लहानपणी भावाच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून गल्लीत शिकलो होतो. गुडघे फोडून घेतले होते. मग बारा-तेरा वर्षांच्या झालो आणि एके दिवशी अम्मी म्हणाली, "बस हुआ अब. बड़ी हो गई तू." दोघींच्या घरी जवळजवळ हेच वाक्य बोललं गेलं होतं. रागानं नव्हे, सहज. सायकल भावाकडं गेली आणि आम्ही रिक्षात बसायला लागलो.

वीस-बावीस वर्षांनी आमच्यापैकी एकीच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मैदानावर फेऱ्या मारताना रविवारी सकाळी जाणारा सायकलवाल्यांचा घोळका दिसायचा. त्यात साठीचे काका होते, कॉलेजची मुलं होती, दोन-तीन बायकाही होत्या. एकदा धीर करून विचारलं. "या की. सायकल कुठलीही चालेल, ब्रेक तेवढे चांगले हवेत," असं उत्तर आलं. मग दोन जुन्या गिअरच्या सायकली घेतल्या. लांब कुर्ता, खाली ट्रॅकपँट, स्कार्फ घट्ट बांधून त्यावर हेल्मेट. फजर पढून अंधारातच घराबाहेर पडायचं. गल्लीतून सायकल हातात धरून चालत न्यायची आणि मोठ्या रस्त्यावर आल्यावर चढायचं. एका सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "लोगां क्या बोलेंगे?" लोक बोललेही. "टीचरबाईंना शौक सुचलाय," हे त्यातलं सौम्य. पण साखर उतरली, तसा घरातला विरोधही उतरला.

पहिली फेरी दौलताबादची होती. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा आणि मग किल्ला. एका बाजूनं पंधरा किलोमीटर. निघण्यापूर्वी क्लबच्या काकांनी नियम सांगितले. हमरस्त्यावर एकामागं एक चालायचं. पुढचा 'खड्डा' म्हणाला की प्रत्येकानं ते मागच्यापर्यंत पोचवायचं. पुढं चालणाऱ्याला वारा जास्त लागतो, मागच्यांना त्याचा आडोसा मिळतो, म्हणून पुढचा माणूस थोड्या थोड्या वेळानं बदलायचा. आणि सर्वात मागं एक जण ठरलेला असतो. त्यानं कुणालाही ओलांडून पुढं यायचं नाही. कुणी थांबलं तर त्यानं थांबायचं. त्याच्याजवळ पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचं सामान असतं.

त्या दिवशी शेवटी काका होते आणि त्यांच्या पुढं आम्ही. शरणापूरच्या पुढं आमचे पाय संपले. घोळका केव्हाच दिसेनासा झाला होता. आम्ही तीनदा उतरलो, तिन्ही वेळा काका मागं थांबले. "चला, थोडंच राहिलं" असंही म्हणाले नाहीत. एका पायावर उभं राहून रस्त्याकडेची सीताफळाची झाडं बघत राहिले. आम्ही चढलो की तेही चढायचे. चांद मिनार दिसला तेव्हा सगळे पोहे संपवून बसले होते, पण दोन प्लेट झाकून ठेवलेल्या होत्या.

माणसं चांगली होती, यात शंका नाही. कधी कधी जरा जास्तच चांगली वागायची. चहा आधी आमच्यापुढं यायचा. आम्ही बोलायला लागलो की इतर गप्प व्हायचे. "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे वाक्य पहिल्या महिन्यात चार वेळा ऐकलं. "पगारच त्याचा मिळतो," असं मराठीच्या बाईंनी चौथ्यांदा सांगितलं तेव्हा सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी परतताना वाटलं की आपण अजून पाहुण्याच आहोत. पाहुण्याला पहिला चहा मिळतो, काम मात्र कुणी सांगत नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा न्यावा का, यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी नेला नाही. शाळेत नेतो, शेजारी देतो, ते आनंदानंच. पण शीरखुर्मा म्हणजेच आमची ओळख असं होऊन बसलंय. त्याऐवजी आम्ही पंक्चर काढायला शिकलो. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, जागा घासायची, सोल्युशन लावून ते थोडं सुकू द्यायचं आणि मग पट्टी दाबायची. विज्ञानाच्या बाईंना हे फार लवकर जमलं.

मग 2025 चा मार्च आला. रमजान सुरू होता. रोज्यात आम्ही सायकल चालवत नव्हतो, पण मोबाईलवर ग्रुप दिसायचा. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा अशी मागणी राज्यभर चालली होती. 17 मार्चला नागपुरात दंगल झाली. त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर कुणीतरी एक मजकूर पुढं ढकलला. तो इथं लिहिण्यासारखा नाही. काही वेळानं तो काढला गेला. पण दोन दिवस ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. आम्हीही नाही. रोजा होता, पेपर तपासायचे होते, ही कारणं होतीच. पण खरं कारण भीती हे होतं. वर्गात 'आपलं मत निर्भयपणे मांडा' म्हणून मुलांना निबंध देणाऱ्या आम्ही, आमचं मत खिशात ठेवून गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी झिजलेल्या टायरचा फोटो टाकून नवा कुठं मिळेल असं विचारलं आणि सगळ्यांनी भराभर उत्तरं दिली. सगळेच सुटल्यासारखे झाले होते.

31 मार्चला ईद झाली. दरवर्षी उन्हं तापायच्या आत खुलताबादची एक फेरी असते. एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. "मॅडम, खुलताबाद ठेवू की नको? तुम्ही म्हणाल तसं करू."

काकांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तरीही फोन हातात धरून आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. खुलताबादचा जाब आम्हीच का द्यायचा? तिथं एकच कबर नाही. 1610 साली खडकी, म्हणजे आमचं हे शहर, वसवणारा मलिक अंबर तिथं आहे. जर जरी जर बक्ष यांचा दर्गा आहे. भद्रा मारुतीचं देऊळ आहे आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातले हजारो लोक याच रस्त्यानं चालत तिथं जातात. रस्ता सगळ्यांचा असताना परवानगी मात्र आमची मागितली जात होती.

आम्ही म्हणालो, "काका, रस्ता बंद असेल तर पोलीस सांगतील. उघडा असेल तर दरवर्षी जातो तसं जायचं. फक्त हे आम्हाला वेगळं विचारू नका. बाकीच्यांना विचारता तसं विचारा."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "चुकलंच माझं."

आम्हाला वाटलं, संपलं आता. जास्त बोललो. दोन दिवसांनी ग्रुपवर यादी आली. रविवार, 20 एप्रिल, खुलताबाद. पुढं कोण, पाणी कुणाकडं, आणि 'शेवटची सायकल' या शब्दांपुढं आमची दोघींची नावं.

घरी "नक्को जाओ" झालंच. भीती आमच्याही पोटात होती. पण ट्यूब आणि पंप आमच्याकडं होते. आम्ही गेलो नसतो तर कुणाचं तरी अडलं असतं. पाहुण्यानं न येणं चालतं, शेवटच्या सायकलीनं न येऊन चालत नाही.

दौलताबादच्या घाटात एका कॉलेजच्या मुलाच्या पोटरीत गोळा आला. एरवी सर्वात पुढं पळणारा पोरगा. शरमेनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही व्हा पुढं."

"नाही होता येत. आज आम्ही शेवटी आहोत."

मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पाय चोळायला सांगितलं. तिघंही सायकली हातात धरून घाट चढलो. वर कागजीपुरा लागला. "इथं काय असतं?" त्यानं विचारलं. आम्ही सांगितलं. हातकागदाचं गाव. महंमद तुघलकानं 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर आले आणि इथं राहिले, असं सांगतात. राजधानी परत गेली, कागद राहिला. भिजवलेल्या लगद्यात चाळणीची चौकट बुडवून अलगद उचलायची, पाणी गळून जातं आणि चौकटीवर कागदाचा पातळ थर राहतो. तो म्हणाला, "मी इथून निदान दहा वेळा गेलोय. कुणी सांगितलंच नाही." खरं तर आम्हीही दहा वेळा गेलो होतो आणि सांगितलं नव्हतं.

खुलताबादला पोलीस होते. त्यांनी हेल्मेटखालच्या स्कार्फकडं क्षणभर पाहिलं आणि पुढं जा म्हणून खूण केली. चहाच्या टपरीवर सगळे थांबले होते. आमचा चहा गार झाला होता. कुणी नवा मागवला नाही. आम्ही तोच प्यालो आणि फार बरं वाटलं.

आता राहिली ती व्हरांड्यातली मुलगी. ती आता सातवी संपवते आहे. आमची शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल तीन किलोमीटरवर. तिची मोठी बहीण रिक्षाचं भाडं झेपेना म्हणून सातवीनंतर घरी बसली, आणि आम्ही दाखल्यावर सही घेऊन तिला निरोप दिला होता. असे निरोप आम्ही किती दिले, ते मोजायला धीर होत नाही.

या वर्षी शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानात तिला आमच्या सायकलवर शिकवलं. मागच्या शनिवारी हायस्कूलपर्यंत नेलं. ती पुढं, आम्ही मागं. चौकात घाबरून उतरली, आम्ही थांबलो. काही बोललो नाही. ती चढली, आम्ही चढलो. तिचे अब्बा त्यांची रिक्षा घेऊन दुरून येत होते. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं.

"कितना टाइम लगा?"

"सतरा मिनिट, अब्बा," तिनंच सांगितलं.

ते अजून हो म्हणालेले नाहीत. नाहीही म्हणालेले नाहीत. नवीन प्रवेश जूनमध्ये आहेत. तोवर दर शनिवारी आम्ही तिच्या मागं असतो.