मनाची व्याधी आणि विम्याचा दस्तऐवज

धाकट्या बहिणीची झोप उडाल्याला आता बरेच महिने लोटले, म्हणून आज तिच्या आरोग्यविम्याचा दस्तऐवज कलमवार वाचून काढला. शारीरिक व्याधीप्रमाणेच मानसिक व्याधीच्या उपचारासाठीही विम्याची तरतूद असली पाहिजे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या एकविसाव्या कलमात स्पष्ट नमूद आहे. आणि ज्या दुःखाच्या वाट्याला आपल्या घरांतून आजवर अंगारे-धुपारे किंवा मौन यांवाचून फारसे काही आले नाही, त्याची दखल अखेर सरकारदरबारी घेतली गेली, याचे मला मनःपूर्वक समाधान वाटते. परंतु पुष्कळशा विमापत्रांत खर्च मंजूर होतो तो रुग्णालयात दाखल झाल्यावर, आणि मनाचा उपचार तर बहुधा समुपदेशकासमोर, आठवड्यामागून आठवडे, संथपणे चालावयाचा. तेव्हा बाह्यरुग्ण उपचारांचा अंतर्भाव आहे किंवा नाही, हाच खरा प्रश्न. तूर्त टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक तिला लिहून दिला आहे. तेथे अहोरात्र, आणि मराठीतही, बोलता येते. सोमवारी विमा कंपनीकडे लेखी विचारणा करीन; अशा बाबतीत तोंडी आश्वासन मला पुरेसे वाटत नाही.