वाढपी पाहिजे

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला लोक श्रीमंत तरी समजतात किंवा वेडा तरी. आपण श्रीमंत नाही हे बँकेला ठाऊक असतं, आणि उरलेलं घरच्यांना. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा सोसायटीतले तिघे-चौघे मला भेटून हळहळ व्यक्त करून गेले. एकानं तर "किती वर्षांची होती?" असंही विचारलं.

ती धडधाकट होती. मात्र काही दिवसांपासून मिसिंग मारू लागली होती. प्लग बदलले, पॉइंट बदलला, कंडेन्सर बदलला. शेवटी आमचे उस्ताद आले. उस्ताद सत्तरीच्या घरातले. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतला शाफ्ट दोन बोटांत धरला आणि दंतवैद्य दात हलवून बघतो तसा हलवला. म्हणाले, "साहब, बुश गया. शाफ्ट नाच रहा है. डिस्ट्रिब्युटर का कुछ करना पडेगा."

डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय, हे मी हिला पंगतीच्या भाषेत समजावलं. इंजिनात चार सिलिंडर जेवायला बसलेले असतात आणि हा त्यांचा वाढपी. तो ठिणगी वाढतो. पण एक, दोन, तीन, चार असा सरळ चालत नाही. एक, तीन, चार, दोन असा वाढतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर या गृहस्थाला सेकंदाला शंभर वेळा वाढावं लागतं. प्रत्येक ठिणगीच्या वेळी पॉइंट उघडायचा, आणि उघडायचा तो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. शाफ्टच डुलायला लागला, की ती फट दर सिलिंडरला वेगळी पडते. म्हणजे एकाला भरपेट आणि दुसऱ्याला नुसतं मीठ.

"मग नवा वाढपी आणा," ही म्हणाली. "त्यात एवढं काय?"

एवढं काय ते ऑपेरा हाऊसच्या बाजारात कळलं. पहिल्या दुकानदारानं भलत्याच गाडीचा डिस्ट्रिब्युटर पुढे केला. "चार सिलिंडरचाच आहे, बसेल." अहो, चार माणसांचं कुटुंब म्हणून कोणीही कोणाच्या घरात बसतं का? शाफ्टची लांबी जुळायला हवी, तळाचे दात जुळायला हवेत, फिरण्याची दिशा जुळायला हवी. आपल्याकडे पत्रिकेतसुद्धा एवढं बघत नाहीत.

दुसऱ्याकडे अगदी नवा, चकचकीत माल होता. दिसायला हुबेहूब आमचाच. पण उस्तादांनी तो नाकाजवळ धरून खाली ठेवला. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी जरा जास्त आधी पडते. पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी हवी. फार आधी पडली तर इंजिन खडखडतं, उशिरा पडली तर चढावर रडतं. या दोन स्प्रिंगा कुणाच्या हिशेबानं घातल्या आहेत हे त्या चकचकीत डब्यावर लिहिलेलं नव्हतं. किंमत मात्र ठळक होती.

तिसरा पर्याय मोडीत निघालेल्या टॅक्सीचा. तो अस्सल खरा, पण त्याचा शाफ्ट आमच्यापेक्षा जास्त नाचत होता. आयुष्यभर मुंबईत टॅक्सी ओढल्यावर कोणीही नाचेल.

चौथा पर्याय खालच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी सुचवला. इलेक्ट्रॉनिक. पॉइंटच्या जागी एक इवलीशी डबी, शाफ्टवर लोहचुंबकाची कडी. कशाचा कशाला स्पर्शच नाही, म्हणून झीज नाही. "केटरिंगनं अमेरिकेत १९१० च्या सुमाराला जे केलं तेच तुम्ही अजून घासत बसलाय," ते म्हणाले.

मी याच्या ठाम विरुद्ध होतो. पॉइंट बिचारा हळूहळू आजारी पडतो, आधी खोकतो, आपल्याला सावध करतो. रस्त्यात बंद पडलाच, तर पॉलिश पेपरनं घासून माणूस घरी पोचतो. ती डबी मात्र एक दिवस काही न बोलता जाते, आणि ती घासून उपयोग नाही. शिवाय पॉइंट गेला की उस्ताद कशाला येणार? दर दोन-तीन महिन्यांनी त्यांनी यावं, बॉनेटमध्ये डोकं घालावं, डोळा बारीक करून ती फट लावावी आणि मी बॅटरी धरून उभं राहावं, हा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता.

म्हणून मी खात्रीनं उस्तादांचं मत विचारलं.

"इलेक्ट्रॉनिक डालो, साहब."

मला वाटलं, मस्करी करताहेत. त्यांनी फिलर गेज खिशातून काढून माझ्या हातात दिला. "अब आंख को गैप नहीं दिखता. दो बार से अंदाज से लगा रहा हूं. कल मैं नहीं रहा, तो ये आजकल के लडके पॉइंट को हाथ नहीं लगाएंगे. गाडी खडी रह जाएगी."

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. आम्ही मधला मार्ग काढला. डिस्ट्रिब्युटर आमचा जुनाच ठेवला. त्याची वजनं आणि स्प्रिंगा शाबूत होत्या, आणि त्या याच इंजिनाच्या हिशेबाच्या होत्या. लेथवाल्याकडून त्यात नवा बुश बसवून घेतला. पॉइंटच्या जागी डबी आली. काढलेला पॉइंट आणि कंडेन्सर बिस्किटाच्या डब्यात घालून डिकीत ठेवले आहेत. डबी रुसली, तर समजूत घालायला घरातलंच कोणीतरी असावं.

आता गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. फट लावायचं काम संपलं. तरी उस्ताद येतात, आणि आता तर दर रविवारी.

"आता काय बघायचं राहिलंय त्यांना?" ही विचारते.

"टायमिंग," मी सांगतो.

त्यात खोटं काही नाही. टायमिंग डबी लावली तरी बघावंच लागतं. आणि उस्तादांचं टायमिंग तर अचूक आहे. हिनं चहाचं आधण ठेवलं, की ते उकळायच्या थोडं आधीच दारावरची बेल वाजते.