राखलेली फट

यंदाच्या वैशाखात धाकट्या बंधूंच्या ओटीची पायरी तडकली. विहिरीपासून ओटीपर्यंत अंगणात सलग काँक्रीट आहे. ओटीलगत गवंड्याने बोटभर फट राखून तीत डांबरी पट्टी बसविली होती. मुंग्या होतात म्हणून घरच्यांनी ती उपटून सिमेंट भरले. (मुंग्या आता तड्यात नांदतात!)

काँक्रीट दगडासारखे दिसले तरी उन्हाने वाढते. उष्णमान ३० अंश सेल्सिअसने चढले, तर ३० मीटर लांबीची फरसबंदी सुमारे ९ मिलिमीटर लांबते. वाढावयास जागा नसेल, तर ती पुढ्यातील भिंतीस रेटते. म्हणून ही फट मऊ, दबणाऱ्या पदार्थानेच भरावयाची असते. बंधूंनी आता सिमेंट फोडावयास घेतले आहे. पट्टी पावसाळ्यापूर्वी बसावयास हवी.