ठिपका नसलेली गोगलगाय

प्रशांत महासागरात ताहितीला लागून मोरेआ नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथल्या डोंगरातल्या झाडांवर 'पार्टुला' ही गोगलगाय राहते. उंची जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. अंडी घालत नाही, थेट पिल्लालाच जन्म देते, तेही एका वेळी एकच! तिच्या शंखांच्या माळा बेटावरच्या बायका हौसेनं घालत.

हिच्या जाती ओळखणं मात्र मोठं जिकिरीचं. न्यूयॉर्कचे प्राध्यापक हेन्री क्रॅम्प्टन यांनी त्यापायी आयुष्याची कित्येक वर्षं घालवली. १९०६ मध्ये ते पहिल्यांदा ताहितीला गेले आणि पुन:पुन्हा जात राहिले. खोरं न् खोरं पालथं घालायचं, हजारो शंख गोळा करायचे, एकेक मोजायचा. सगळी आकडेमोड हातानं. या खोऱ्यातला रंग त्या खोऱ्यात नाही. कुणाचं वेटोळं उजवं, तर कुणाचं डावं. देवघरात दक्षिणावर्ती शंख पारखून घेणाऱ्यांना ही गंमत चटकन कळेल.

पुढे या बेटांवर आफ्रिकेची मोठी शंखी गोगलगाय शिरली. २०२२ साली मराठवाड्यातलं कोवळं सोयाबीन फस्त करणारी तीच ही. तिच्या बंदोबस्तासाठी १९७७ मध्ये मोरेआवर दुसरी एक गोगलगाय आणून सोडली, गोगलगायीच खाणारी. तिला मोठ्या शिकारीपेक्षा घासभर पार्टुलाच बरी वाटली! दहा वर्षांत मोरेआच्या रानातून पार्टुला जवळपास नाहीशी झाली.

वंश वाचला तो शास्त्रज्ञांनी त्याआधी थोड्या जिवंत गोगलगायी उचलून नेल्या म्हणून. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत, डब्यांमध्ये त्यांच्या पिढ्या वाढल्या. २०१५ पासून त्यांना पुन्हा माहेरी धाडायला सुरुवात झाली. पाठवणी करताना शंखावर लाल रंगाचा ठिपका देतात. हा रंग अतिनील प्रकाशात चमकतो, त्यामुळे रात्री पानाआड बसलेली आपली गोगलगाय ओळखू येते.

२०२४ मध्ये मोरेआवर शोध घेणाऱ्यांना 'पार्टुला तोहिवेआना' जातीच्या ११ प्रौढ गोगलगायी सापडल्या. त्यांच्या शंखांवर ठिपका नव्हता. त्या कुठल्याही डब्यातून आल्या नव्हत्या. तिथेच, रानात जन्मल्या होत्या.